घरगुती व्हॅक्यूम सीलर: चटणी, तांदूळ, मासळीला पास, कुंद्याला काठावर

वर्षाची चटणी डंकावरून कुटून आणणारं घर, बेळगावजवळच्या खानापूरकडचा तांदूळ पोत्यानं भरणारं घर, आणि जून लागायच्या आत फ्रीझरमध्ये मासळी रचून ठेवणारं घर. या तिघांपैकी एक जरी तुमचं असेल तर व्हॅक्यूम सीलर, म्हणजे पिशवीतली हवा ओढून तिचं तोंड तापवून बंद करणारी मशीन, घ्या; पैसे वसूल होतात. कोथिंबीर आणि पालक चार दिवस जास्त टिकावेत एवढ्यासाठी घेणार असाल तर राहू द्या. ते काम ओलं फडकं आणि डबा जास्त चांगलं करतात.

बाजारात तीन प्रकार दिसतात. दीड-दोन हजारांच्या आसपासची हलकी, पट्टीसारखी मशीन. चार ते आठ हजारांतली जरा वजनदार, दोन्ही बाजूंना खटके असलेली, पाणी साठायला खाचेत तबक असलेली. आणि तिसरी चेंबर मशीन, ज्यात अख्खी पिशवीच आत ठेवून झाकण लावतात; ती किमतीनं आणि वजनानं हॉटेलवाल्यांची, घरात ओट्यावर तिला जागा नाही. हा आढावा पहिल्या दोन प्रकारांचा आहे, आणि कौल मधल्या प्रकाराला. हलक्या मशीनचं झाकण हातानं दाबून धरावं लागतं. हात जरा ढिला पडला की हवा आत शिरते आणि सीलची रेघ वाकडी येते. एकदम वीस पाकिटं करायची असली की त्यात वैतागच जास्त.

मशीनचं पोट साधं असतं: एक छोटा पंप, वर-खाली फोमसारख्या रबराच्या दोन पट्ट्या म्हणजे गॅस्केट, आणि तापणारी नायक्रोमची पट्टी, जिच्यावर तपकिरी टेफ्लॉनची फीत चिकटवलेली असते. पंपाची ओढ साधारण उणे ०.६ ते ०.८ बार लिहिलेली असते (बार हे दाबाचं माप, बाहेरच्या हवेचा दाब साधारण एक बार). म्हणजे पूर्ण निर्वात होतच नाही. ढोबळमानानं पाचात एक-दोन भाग हवा आत राहतेच. त्यात आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, इथल्या हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी मुळातच कमी. मशीनवर दाबाचा काटा असेल आणि तो डब्यावर छापलेल्या आकड्यापर्यंत जात नसेल तर लगेच मशीन परत पाठवू नका. पिशवी मालाला घट्ट चिकटते का एवढंच बघा.

खरा खर्च मशीनचा नाही, पिशव्यांचा आहे. या मशीनला आतून खडबडीत, जाळीची नक्षी उठवलेल्या पिशव्याच लागतात. गुळगुळीत पिशवीचे दोन थर ओढ लागताच एकमेकांना चिकटतात, मधून हवा निघायला वाट राहत नाही आणि मोटर नुसती घुरघुरत बसते. किराणा दुकानातली साधी पॉलिथिनची पिशवी तर दोन कारणांनी बाद: तीत नक्षी नाही, आणि पॉलिथिनमधून ऑक्सिजन आणि वास दोन्ही हळूहळू आरपार जातात. सीलरच्या पिशवीत बाहेरचा थर नायलॉनचा असतो, तो हवा अडवतो. आतला पॉलिथिनचा थर वितळून सील होतो. जाडी ८० ते १०० मायक्रॉन. तांदूळ, काजू, काट्याची मासळी यांना १०० घ्या. तयार पिशव्यांपेक्षा रोल परवडतो. पाच मीटरच्या रोलमधून २५ सेंटीमीटरचे वीस तुकडे निघतात, त्या हिशेबानं एका पाकिटाला किती पडतं ते विकत घेण्याआधीच काढून बघा. २८ सेंटीमीटर रुंदीचा एकच रोल आणला तर अर्ध्या किलो चटणीला निम्मी पिशवी वाया जाते. २० आणि २८ असे दोन ठेवा.

पद्धत अशी. मालाच्या लांबीपेक्षा आठ-दहा सेंटीमीटर जास्त तुकडा कापा. आधी एक टोक नुसतं सील करा आणि रेघ थंड होऊ द्या. मग तोंड तीन बोटं बाहेरच्या बाजूला दुमडा, म्हणजे भरताना आतली कड स्वच्छ राहते. माल भरा, दुमड उलगडा, कड कोरड्या फडक्यानं पुसा. वरची पाच-सहा सेंटीमीटर पिशवी मोकळी राहिलीच पाहिजे. तोंड सपाट करून खाचेच्या आत, गॅस्केटच्या पलीकडे जाईल असं ठेवा. दोन्ही बाजूंचे खटके वाजेपर्यंत दाबा आणि बटण दाबा. दिवा विझेपर्यंत झाकण उघडायचं नाही. मग रेघ उजेडाकडे धरून बघा. सलग, काचेसारखी आरपार पट्टी दिसली की झालं. मध्ये पांढुरके ठिपके असतील तर ओल किंवा तेल लागलंय. सुरकुती आडवी गेली असेल तर तिथून हवा जाणार म्हणजे जाणार. चार-पाच मिलिमीटर अंतरावर दुसरी रेघ मारून घ्यायची सवय लावा, पिशवीत तेवढी जागा मुद्दाम ठेवा. दोन पाकिटांमध्ये मिनिटभर थांबा. न थांबता दहा-बारा केली की पट्टी इतकी तापते की सील व्हायच्या ऐवजी पिशवीच कापली जाते.

आता चटणी. आपल्याकडे चटणी म्हणजे कांदा-लसूण-खोबरं घालून कुटलेली, ब्याडगीच्या रंगाची आणि संकेश्वरी किंवा दुसऱ्या जवारी मिरचीच्या झणक्याची. ती बिघडते तीन वाटांनी: रंग उडतो, खोबऱ्याचं तेल खवट होतं, आणि पावसाळ्यात ओल धरून गुठळ्या होतात. पहिल्या दोन गोष्टींमागे ऑक्सिजन आणि उजेड, तिसरीमागे हवेतला दमटपणा. सीलर यांतल्या उजेडाचं काहीच करू शकत नाही, बाकी दोन्ही जवळजवळ थांबवतो. म्हणून पाकिटं अंधाऱ्या कपाटात किंवा पत्र्याच्या डब्यात ठेवा. स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलेलं व्हॅक्यूमचं पाकीटसुद्धा फिकं पडतं.

डंकावरून आलेली चटणी गरम असते. ती तशीच भरली तर आतली वाफ पिशवीत पाणी होऊन बसते. रात्रभर कागदावर पसरून पूर्ण गार करा. मग मूठभर घेऊन दाबून सोडा. मूठ उघडल्यावर भुगा मोकळा झाला तर कपाटात चालेल. लाडू तसाच राहिला तर कांदा-लसूण नीट वाळला नव्हता किंवा तेल जास्त झालंय. अशी चटणी सील करूनही बाहेर ठेवू नका, फ्रीझरमध्ये टाका. ओला लसूण, तेल आणि हवा नसलेली जागा ही जोडी घातक आहे, त्याबद्दल पुढे.

चटणीचा खरा त्रास भरताना होतो. पंप हवा ओढतो तशी बारीक पूडही ओढतो. पूड सीलच्या जागेवर बसली की सील धरत नाही, आणि पुढे पंपात गेली की मशीनला कायमचा खोकला लागतो. उपाय सोपा आहे. चटणी आधी पातळ साध्या पिशवीत किंवा बटर पेपरच्या पुडीत भरा, तिचं तोंड नुसतं दुमडा, बांधू नका, आणि ती पुडी सीलरच्या पिशवीत सरकवा. हवा दुमडीतून निघते, पूड आत राहते. पुडीच्या वर किचन पेपरची दोन बोटं रुंद घडी आडवी ठेवली तर आणखी बरं. हीच युक्ती नाचणीच्या पिठाला, सातूला, मेतकुटाला. ५०० ग्रॅमला २० सेंटीमीटर रुंद, ३० लांब पिशवी पुरते. चार माणसांच्या घरात महिन्याला जेवढी लागते तेवढीच एका पाकिटात भरा. पाकीट फोडलं की त्यातला व्हॅक्यूमचा फायदा तिथेच संपला. ओढ लागल्यावर चटणीची वीट होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हातानं चुरली की मोकळी होते.

तांदळाला लोक सीलर घेतात ते सोंड्यांच्या भीतीनं. घरगुती मशीन सगळी हवा काढत नाही, आणि सोंड्यांची अंडी दाण्याच्या पोटात असतात, त्यामुळे नुसत्या व्हॅक्यूमवर भरवसा ठेवू नका. क्रम असा ठेवा: तांदूळ उन्हात न तापवता सावलीत कोरडा करा, दोन-दोन किलोची पाकिटं सील करा, पाकिटं चार दिवस उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग बाहेर काढून कपाटात रचा. आधी सील आणि मग फ्रीझर, हे उलटं करू नका. आधी गार केलेला तांदूळ बाहेर काढला की त्यावर दव धरतं आणि तीच ओल पाकिटात बंद होते. बेळगाव बासमतीसारख्या वासाच्या तांदळाला हा खटाटोप जास्तच शोभतो, कारण त्याचा वास उडून जाणारा असतो आणि नायलॉनची पिशवी तो धरून ठेवते. खपली गहू, तूर, रवा यांनाही हाच क्रम. तांदळाची टोकं पिशवीला आतून टोचतात, म्हणून पाकिटं एकमेकांवर आपटू नका आणि जाड पिशवीच वापरा.

काजूगराला सीलर म्हणजे पर्वणी. खवटपणा लांबतो, चव राहते, फक्त ओढ पूर्ण लागू दिली तर पाकळ्या सुटतात. ‘जेंटल’ किंवा ‘पल्स’ असं बटण असेल तर ते वापरा. मांडे, चिरोटे, पोह्याचा चिवडा यांच्या बाबतीत हवा काढूच नका, नुसतं ‘सील’ बटण दाबा. मांड्याचा व्हॅक्यूम केला तर साखर घातलेला भुगा मिळेल. गोकाकचा करदंट मुळातच कोरडा, गूळ-डिंक-सुकामेव्याचा. घरात खायचा असेल तर डबा पुरे. पुण्या-मुंबईच्या पोरांकडे पार्सल करायचा असेल तेवढंच सील करा, म्हणजे वाटेत पावसाळी हवेनं चिकट होत नाही.

कुंद्याला मात्र हात आखडून गुण. खवा आणि साखरेचा हा ओलसर पदार्थ. हवा काढली की वरची बुरशी उशिरा येते, बास. दुकानाच्या डब्यावरची तारीख सील केल्यानं पुढे सरकत नाही. सील केलेला कुंदा फ्रिजमध्येच ठेवायचा आणि गावाला न्यायचा असेल तर बर्फाच्या पिशवीसोबत न्यायचा. तो मऊ असल्यानं ओढ लागताच तोंडाकडे सरकतो आणि तूप रेघेवर येतं. छोट्या वाटीत किंवा कागदी कपात दाबून, दोन तास फ्रीझरमध्ये कडक करून मग सील करा. पुरणाचंही तेच. पुरण चपटं थापून गोठवलं आणि मग सील केलं तर होळीचं पुरण महिना-दोन महिन्यांनी काढून पोळ्या करता येतात, चवीत फरक लागत नाही. बाहेर ठेवलेलं सीलबंद पुरण मात्र फेकून द्यायचं, वास चांगला येत असला तरी.

ते ‘वास चांगला येत असला तरी’ नीट समजून घ्या. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाचे जिवाणू हवा नसलेल्या जागीच वाढतात. ओलसर, आंबट नसलेला पदार्थ, उबदार खोली आणि हवाबंद पिशवी मिळाली की ते विष तयार करतात आणि त्याचा वास-चव कळेलच असं नाही. त्यांचे बीजाणू साध्या उकळण्यानं मरत नाहीत. म्हणून सोललेला लसूण, लसणाचं तेल, चिरलेला कांदा, शिजलेली डाळ, उकडलेली रताळी यांचं व्हॅक्यूम पाकीट कपाटात कधीही ठेवायचं नाही. पावसात खानापूरच्या रानातली अळंबी बाजारात येतात. ती कच्ची सील करू नका. तेलात परतून, गार करून, गोठवून मग सील करा. शिजलेलं अन्न फ्रिजच्या साध्या कप्प्यात सील करून ठेवलं तरी दोन-तीन दिवसांत संपवा. जास्त ठेवायचं तर फ्रीझर. जाहिरातीत ‘पाचपट टिकतं’ असं मोठ्या अक्षरात असतं. ते कोरड्या आणि गोठवलेल्या मालाबद्दल समजा. बाहेर ठेवलेल्या आमटीला ते लावायला गेलात तर दवाखान्याची पायरी चढाल.

मासळी हा सीलरचा सगळ्यात चांगला उपयोग. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, त्या काळात गोवा-कारवारकडून येणारा ताजा माल आटतो आणि दर चढतो. मेअखेरीस घेऊन गोठवायचं असेल तर साध्या पिशवीत गोठवलेली मासळी दोन-तीन आठवड्यांत कडेनं पांढरट, वातड होऊ लागते. ते कोरडं पडणं सील थांबवतं. बांगडा-तारलीसारख्या तेलकट माशाचा खवटपणाही लांबतो. साफ करा, फडक्यानं अगदी कोरडी करा, ताटात एकेक सुटी मांडून तीन तास गोठवा, मगच सील करा. ओली मासळी थेट सील केली तर पाणी ओढलं जाऊन तबकात येतं, सील फसतं, आणि तबक नसलेल्या मशीनमध्ये ते पाणी थेट पंपात जातं. कल्ले आणि पर कात्रीनं कापा, काटा टोचेल तिथे बटर पेपरची घडी ठेवा. मटणाच्या हाडालाही तेच. उणे १८ अंशांना बांगडा तीन-चार महिने, सुरमईचे तुकडे सहा महिने निवांत राहतात. एका दाराच्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा उणे १८ पर्यंत जात नाही, तिथे हे आकडे लागू नाहीत. मासळी खराब व्हायला लागल्यावर सील केली तर ती खराबच राहते, बांगड्यात तयार झालेलं हिस्टामिन हे विषारी द्रव्य शिजवूनही जात नाही. काढताना पाकिटाचं तोंड कात्रीनं कापून मगच फ्रिजमध्ये वितळू द्या, बंद पाकिटात वितळवू नका, कारण वर सांगितलेले हवा नसलेल्या जागी वाढणारे जिवाणूच.

भाज्यांचं थोडक्यात. मटार दीड-दोन मिनिटं उकळत्या पाण्यातून काढा, गार पाण्यात टाका, सुकवा, गोठवा, सील करा. बीन्सना तीन मिनिटं. कोबी-फ्लॉवर कच्चे सील केले की त्यांचा वायू सुटून पिशवी फुगते. इडली-डोशाचं आंबलेलं पीठ सील करणं म्हणजे फ्रिजमध्ये फुगा बांधणं.

मशीन बिघडली असं वाटतं तेव्हा दहातल्या बहुतेक वेळा मशीन ठीक असते. मोटर चालू आहे पण पिशवी आवळत नाही: तोंड खाचेपर्यंत गेलेलं नाही, किंवा गॅस्केटवर चटणीचा कण, तांदळाचा दाणा बसलाय. गॅस्केट ओढून काढा, साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवून बसवा; चपटा झाला असेल तर उलटून बसवा. पाकीट रात्रभरात ढिलं पडलं: पाण्याच्या घमेल्यात बुडवून दाबा, बुडबुडे रेघेतून आले तर सील कच्चा, अंगातून आले तर काटा टोचलाय, कुठूनच नाही आले तर माल वायू सोडतोय. ताजी भाजलेली कॉफी हमखास असं करते.

खेड्यावर सील कच्चे राहण्याचं वेगळं कारण असतं, ते म्हणजे व्होल्टेज. साध्या मशीनमध्ये सीलचा वेळ टायमरवर ठरलेला असतो आणि पट्टीची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) प्रमाणात बदलते. २३० ऐवजी १९० व्होल्ट मिळाले तर उष्णता जवळजवळ एक तृतीयांश घटते, टायमर मात्र तेवढ्याच सेकंदांत दिवा विझवतो. संध्याकाळी शेतातले पंप चालू असताना पाकिटं करू नका, सकाळी किंवा दुपारी करा. आणि एकाच रेघेवर लगेच दुसऱ्यांदा ‘सील’ दाबा. सीलचा वेळ कमी-जास्त करायची सोय असलेलं मॉडेल मिळत असेल तर चार पैसे जास्त द्या. बाकी दहा-बारा ‘मोड’ची बटणं नावापुरती, कोरडं, ओलं, हळू ओढ आणि नुसतं सील एवढी चार पुरतात. काचेच्या बरणीची हवा काढणारी नळी मिळते, पण बरणीचं झाकणही त्या कंपनीचंच लागतं, त्यामुळे तिचं कौतुक जपून.

काम झाल्यावर खटके लावून मशीन ठेवू नका. दाबलेला गॅस्केट महिन्याभरात चपटा होतो आणि मग कितीही ओढलं तरी हवा गळते. टेफ्लॉनची फीत काळी पडली, फाटली तर बदलावी लागते. चिवड्याची पाकिटं बंद करणाऱ्या हातदाबी सीलिंग मशीनलाही तशीच फीत असते, रुंदी मोजून न्या. कोरड्या मालाच्या पिशव्या धुऊन पुन्हा वापरता येतात, दर वेळी दोन-तीन सेंटीमीटर लांबी जाते इतकंच. कच्ची मासळी-मटण भरलेली पिशवी मात्र एकदाच. ऑनलाइन मागवण्याआधी त्या मॉडेलचे गॅस्केट सुटे मिळतात का ते शोधा. नसतील मिळत तर दुसरं मॉडेल बघा.